हयातीचा दाखला

नोव्हेंबर उजाडला की आमच्या बँकेत जिवंत माणसांची गर्दी होते. तशी इतर महिन्यांतही येणारी माणसे जिवंतच असतात, नाही असे नाही. पण नोव्हेंबरात ती तसे लेखी द्यायला येतात. पेन्शनरने वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा, की पुढले वर्षभर पेन्शन चालू. हल्ली हे काम मोबाइलला चेहरा दाखवूनही होते. पण मोबाइल आपल्याला ओळखेल यावर ज्यांचा भरवसा नाही, अशी बरीच मंडळी अजून माझ्या खिडकीसमोर रांग लावतात. त्यांतले ८४ वर्षांचे एक आजोबा दरवर्षी धापा टाकत येतात, खिडकीची कड धरून उभे राहतात आणि विचारतात, "मी आहे ना?"

"आहात," मी म्हणतो.

"मग मारा शिक्का."

या आजोबांचा आणि जॅझ, रॉक, ब्लूज वगैरे परदेशी संगीताचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. संबंध काहीच नव्हता. तो आमच्या साडूंनी आणला.

साडू म्हणजे आमच्या हिच्या सगळ्यांत थोरल्या बहिणीचे यजमान. पाटबंधारे खात्यातून चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसे देवदर्शनाला निघतात. यांनी फंडाच्या पैशांतून नवा रेकॉर्ड प्लेयर घेतला आणि देव घरातच बसवले. ठाण्याच्या त्यांच्या घरात एक खोली खास तबकड्यांची आहे. तिथे शिरताना पाय धुवावे लागत नाहीत इतकेच. बाकी सोवळे पूर्ण. तबकडीला हात लावायचा तो फक्त कडेला, आणि शिंक आली तर बाहेर गॅलरीत जाऊन शिंकायचे. यांतल्या निम्म्या तबकड्या त्यांनी तरुणपणी पगाराच्या दिवशी काळा घोड्याच्या 'ऱ्हिदम हाउस'मधून आणलेल्या. ते दुकान २०१६ साली बंद झाले तेव्हा साडूंनी चार दिवस दाढी केली नव्हती.

साडूंचा सिद्धांत असा: जॅझ १९५९ साली संपला. त्या वर्षी माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' आली, आणि त्यानंतर कोणी ट्रंपेटला तोंड लावण्याचे कारण उरले नाही. रॉक संपला १९७३ साली, पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'बरोबर. ब्लूज १९८३ साली मडी वॉटर्सबरोबर गेला. साडूंशी संगीतावर बोलणे म्हणजे नगरपालिकेच्या जन्ममृत्यू विभागात, त्यातही मृत्यूच्याच खिडकीवर, उभे राहण्यासारखे आहे.

आणि एवढे असून हे गृहस्थ दर भेटीत मला विचारतात, "काय हो, नवीन काही ऐकण्यासारखं आलंय का?"

हा सापळा असतो हे कळायला मला दहा वर्षे लागली. मुळात बँकेत असल्यामुळे शिफारस या शब्दाची मला धास्तीच आहे. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलेली माणसे मी जवळून पाहिली आहेत. कर्ज घेणारा मजेत असतो, जामीनदाराला झोप नसते. अल्बमची शिफारस हा त्यातलाच प्रकार. तिकडे गायकाचा सूर जरा हलला की साडू माझ्याकडे असे बघतात, की आता पुढचा हप्ता मीच भरायचा आहे.

तरीसुद्धा २०२५ च्या ऑगस्टात मी बेसावध सापडलो. "बडी गायचा नवा अल्बम आलाय," मी म्हणालो. "नाव आहे 'एन्ट डन विथ द ब्लूज'. ऐकाच."

साडूंनी चष्मा कपाळावर नेला. "कोण, बडी गाय? अजून आहे?"

माझे भांडण या दोन शब्दांशी आहे. 'अजून आहे?' यात कुतूहल असते तर माझी तक्रार नव्हती. पण सुरात ठपका असतो. जणू त्या गृहस्थाने भाड्याची मुदत संपूनही खोली सोडलेली नाही.

बडी गाय ३० जुलै १९३६ चा. अमेरिकेत लुइझियानातल्या लेट्सवर्थ नावाच्या खेड्यातला, वाट्याने शेती कसणाऱ्या घरातला. पहिले वाद्य घरच्या घरी ठोकून केलेले, दोन तारांचे. १९५७ साली शिकागोला आला तो उपाशी हिंडला, आणि मडी वॉटर्सने त्याला गाडीत बसवून सँडविच खाऊ घातले, ही गोष्ट तो आयुष्यभर सांगत आला आहे. हा माणूस बरोबर ८९ व्या वाढदिवशी नवा अल्बम बाजारात आणतो आणि त्याचे नाव ठेवतो, की ब्लूजचे माझे काम काही आटोपलेले नाही. म्हणजे काय? म्हणजे तो धापा टाकत खिडकीशी आला, कड धरून उभा राहिला आणि म्हणाला, "मी आहे ना?" आणि आमचे साडू, शिक्का हातात असून, त्याला सांगतात की तुमचा १९६५ सालचा फोटो घेऊन या, त्यात तुम्ही जास्त जिवंत दिसत होता.

बरे, हाच बडी गाय २०२३ च्या फेब्रुवारीत मुंबईत, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत वाजवून गेला. ठाण्याहून वांद्रे हे शिकागोपेक्षा जवळ आहे. साडूंना ते दुसऱ्या दिवशी पेपरात कळले. आदल्या रात्री ते घरी बडी गायचीच जुनी तबकडी ऐकत बसले होते.

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. संगीताच्या परीक्षा मी दिलेल्या नाहीत. मला सा लावता येत नाही, फक्त बेरीज लावता येते. पण कॉमर्सला आम्हांला घसारा नावाचा एक प्रकार शिकवला होता. यंत्र विकत घेतले की दरवर्षी त्याची किंमत थोडी थोडी कमी करत जायचे, शेवटी वहीत एक रुपया उरतो. रसिक मंडळींनी हे यंत्राचे गणित बिनदिक्कत वादकांना लावले आहे. पंचविशीत अमुक किंमत, चाळिशीत त्याच्या निम्मी, आणि ऐंशीला एक रुपया, तोही उदार मनाने. माणसाची ठेव व्याजाने वाढतही असेल हे कोणाच्या डोक्यात येत नाही. आले तरी ते चालू खात्यात टाकतात.

हा रोग फक्त तिकडल्या संगीताला जडला आहे असे समजू नका. आपल्याकडे बुवांनी तासभर खपून एखादा अनवट राग मांडावा, तो मागच्या रांगेतून चिठ्ठी पुढे सरकतेच: 'ते नेहमीचं नाट्यपद होऊ द्या.' नेहमीचे म्हणजे जे चिठ्ठी पाठवणाऱ्याने लग्नाआधी ऐकलेले असते. त्याला पद नको असते, लग्नाआधीचा स्वतः तो हवा असतो. तो बिचारे बुवा कुठून आणून देणार?

आता साडूंची बाजूही मांडतो, नाहीतर हे एकतर्फी ऑडिट होईल. नवे ते सगळे सोने आहे असे माझे म्हणणे नाही. रोलिंग स्टोन्सचेच घ्या. १९६२ पासूनची ही मंडळी. २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांचा 'हॅकनी डायमंड्स' आला. स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम त्यांनी २००५ नंतर काढलेलाच नव्हता. १८ वर्षे! एवढ्यात मूल जन्माला येऊन मतदार होते. त्यात तीन-चार गाणी निव्वळ भरतीची आहेत, आणि ध्वनिमुद्रण इतके चकचकीत की नव्या बाथरूमच्या टाइल्स आठवतात. हे मी साडूंनी न विचारता कबूल करतो.

पण पुढे ऐका. हॅकनी हा लंडनचा एक भाग, आणि 'हॅकनीचे हिरे' म्हणजे चोरांनी मोटारीची काच फोडल्यावर रस्त्यात चमकत पडतो तो चुरा. त्यांचा ड्रमवाला चार्ली वॉट्स २०२१ च्या ऑगस्टात वारला. त्याने आधी वाजवून ठेवलेली दोन गाणी या अल्बमात आहेत, आणि त्यांतल्या एकात, १९९३ सालीच बँड सोडून गेलेला बिल वायमन बेस गिटार वाजवायला आला आहे. वेगळा राहणारा थोरला भाऊ दिवसकार्याला येऊन न बोलता पंगतीत वाढायला लागावा, तसे वाटते ते. आणि सगळ्यांत शेवटी बाकीच्यांना बाहेर पाठवून मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स दोघेच बसतात आणि मडी वॉटर्सचे १९५० सालचे ते गाणे म्हणतात, ज्यावरून या टोळीने आपले नाव उचलले होते. साठ वर्षे ते नाव वापरून कोट्यधीश झाले, पण ते गाणे त्यांनी कधी ध्वनिमुद्रित केले नव्हते. उसने घेतलेले मुद्दल व्याजासह परत करायला कर्जदार ऐंशीव्या वर्षी स्वतःच्या पायांनी आला, हे दृश्य आमच्या धंद्यात दुर्मीळ आहे. मी तरी टाइल्स विसरलो.

बॉब डिलनने २०२० साली, ७९ व्या वर्षी, 'रफ अँड राउडी वेज' काढला. त्यात केनेडींच्या हत्येवर जवळजवळ १७ मिनिटांचे एक गाणे आहे. साडू म्हणतात, आवाज गेला. अहो, डिलनचा आवाज १९६२ सालीसुद्धा निम्म्या लोकांना आवडत नव्हता! ती तक्रार साठ वर्षे पेंडिंग आहे, तिच्यावर नवा अर्ज कशाला?

खरी मजा जॅझमध्ये आहे, आणि तिथे साडू अगदीच हट्टी आहेत. चार्ल्स लॉइड हा सॅक्सोफोनवादक १५ मार्च १९३८ चा, मेम्फिसचा. त्याच्या १९६६ सालच्या मैफलीची 'फॉरेस्ट फ्लॉवर' ही तबकडी साडूंकडे आहे. १९५९ साली जॅझ संपला असताना १९६६ ची तबकडी घरात कशी, असे विचारले तर म्हणतात, "ती अपवाद." तर या लॉइडने १५ मार्च २०२४ ला, म्हणजे ८६ व्या वाढदिवशी, दोन तबकड्यांचा अल्बम काढला, 'द स्काय विल स्टिल बी देअर टुमॉरो'. आभाळ काय, उद्याही असेलच. बरोबर पियानोवर जेसन मोरान, बेसवर लॅरी ग्रेनाडियर, ड्रम्सवर ब्रायन ब्लेड. तिघेही त्याच्यापुढे पोरे.

हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटले की मोबाइलची बॅटरी उतरली. इतके संथ. सॅक्सोफोनमधून सूर यायच्या आधी नुसता श्वास येतो, मग थोडा वेळ काही नाही, मग सूर. तरुण वादक दोन सुरांमधली ती जागा भरून काढतो. याला ती भरायची घाई नाही. तिसऱ्यांदा ऐकताना मला ते आमचे आजोबा आठवले. तेही पेन हातात घेतल्यावर लगेच सही करत नाहीत. मागची रांग चुळबुळते. मी मात्र आता चुळबुळत नाही.

या अल्बमात एक तुकडा आहे बुकर लिटलच्या आठवणीचा. बुकर लिटल हा लॉइडचा मेम्फिसमधला शाळेपासूनचा दोस्त, ट्रंपेट वाजवायचा. १९६१ साली गेला, अवघ्या २३ व्या वर्षी. आता मला सांगा, साडूंचा तो १९६६ सालचा तरुण, झपाट्याने वाजवणारा लॉइड कितीही मोठा असला, तरी मित्राला जाऊन साठ वर्षे झाल्यानंतरचे वाजवणे त्याला कुठून जमणार होते? ते वाजवायला मधली साठ वर्षे जगून काढावी लागतात. जुनी तबकडी कितीही वेळा फिरवा, हे तिच्यात येणार नाही. आणि २०२२ साली याच लॉइडने झाकीर हुसेनबरोबर एक अल्बम केला, 'सेक्रेड थ्रेड'. म्हणजे जवळजवळ जानवेच. एवढ्या सोवळ्या नावावर तरी साडूंनी तो घरात घ्यायला हरकत नव्हती.

आणि ही सगळी म्हाताऱ्यांचीच वकिली झाली. तरुणांचे तर साडूंना नावही काढलेले चालत नाही. ब्लूज १९८३ ला मेला म्हणावे, तर क्रिस्टोन 'किंगफिश' इन्ग्राम हा १९९९ साली मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलला जन्मलेला पोरगा काय भूत आहे? त्याने २०२१ साली आपल्या अल्बमचे नाव ठेवले '६६२'; तो त्याच्या मुलखाचा टेलिफोनचा कोड आहे. आपल्या एखाद्या गवयाने तबकडीला कऱ्हाड-साताऱ्याकडच्या कोणत्याही कोडचे नाव ठेवावे, आणि गावाकडच्या सगळ्यांना अभिमानाने भरून यावे, तसे हे. समारा जॉयही १९९९ चीच, न्यूयॉर्कच्या ब्राँक्सची. २०२२ चा तिचा 'लिंगर अव्हाइल' मी आमच्या सासूबाईंना नुसता ऐकवला, काही न सांगता. म्हणाल्या, "मुलीचा गळा तयार आहे हो." साडू तिथेच होते. त्यांनी विचारले, "कुठल्या सालचं?" साल कळल्यावर त्यांना ते आवडेनासे झाले.

तुम्ही म्हणाल, एवढा ताव कशाला? ज्याला जे ऐकायचे ते ऐकू द्यावे. मलाही पूर्वी असेच वाटायचे. पण इथे मला माझीच एक थकबाकी सांगितली पाहिजे.

२०२३ च्या जानेवारीत 'शक्ती' मुंबईत आली होती. जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार आणि आपल्या मुंबईच्या झाकीर हुसेनचा तबला. १९७६ साली यांची पहिली तबकडी आली, ती साडूंच्या देव्हाऱ्यात वरच्या फळीवर आहे. मी म्हटले, जाऊ या. साडू म्हणाले, "खरी शक्ती ती. एल. शंकरचं व्हायोलिन, विक्कू विनायकरामचा घटम. आता पाटी तीच, दुकान नवं. आणि वाजवणार सगळं नवीन." मी मान डोलावली, कारण तिकिटाची किंमत मी आधीच पाहिली होती. तत्त्व आणि खिसा एका बाजूला आले की माणूस फार ठाम होतो. आम्ही गेलो नाही. घरी बसून जुनी तबकडी ऐकली आणि किती छान म्हणून एकमेकांना टाळी दिली.

त्याच वर्षी जूनअखेर त्यांचा 'धिस मोमेंट' आला. १९७७ नंतर, म्हणजे ४६ वर्षांनी, स्टुडिओत केलेला अल्बम. त्यात गायला शंकर महादेवन, आणि विक्कूंच्या जागी विक्कूंचाच मुलगा सेल्वागणेश. मी म्हटले, ऐकू सावकाश. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याला ग्रॅमी मिळाले. तेव्हा, बक्षीस मिळालेले काय ऐकायचे, म्हणून राहिले. आणि १५ डिसेंबर २०२४ ला सॅनफ्रान्सिस्कोत झाकीरभाई गेले. वय ७३.

दुसऱ्या दिवशी ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर ते कुरळे केस आणि ती चहाची जाहिरात. संध्याकाळी साडूंचा फोन. इकडचे तिकडचे बोलले. मग म्हणाले, "त्यांचं ते नवीन काहीतरी होतं ना हो? तुम्ही म्हणत होता ते. नाव काय त्याचं?"

मी नाव सांगितले. आपणही ते ऐकलेले नाही, हे नाही सांगितले.

त्या रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, कानांत यंत्र घालून ऐकले. पहिलाच तुकडा यू. श्रीनिवासच्या आठवणीचा आहे. तो मँडोलिनवाला त्यांच्यातलाच. २०१४ साली गेला. म्हणजे ही माणसे गेलेल्या सोबत्यासाठी वाजवत होती, आणि मी ऐकायला बसेपर्यंत वाजवणाऱ्यांतलाही एक उठून गेला होता. दीड वर्ष तो दाखला माझ्या टेबलावर पडून होता. मी शिक्का घेऊन बसलो तेव्हा खाते बंद झाले होते.

आणि एवढे होऊनही आठच महिन्यांनी हाच मनुष्य चष्मा कपाळावर नेऊन मला विचारतो, "अजून आहे?" म्हणून माझे टाळके फिरले. त्या दिवशी मी साडूंना बरेच काही बोललो. वयाने आणि मानाने मोठ्या साडूला जे बोलू नये ते सगळे. मेहुणीने पोहे आणले होते ते निवले. परतताना हिने गाडीत एकच वाक्य उच्चारले: "त्या गायीपायी नातं तोडणार आहात का?"

दोन-तीन महिने येणेजाणे थंडच होते. मग नोव्हेंबर उजाडला. मी खाली मान घालून शिक्के मारत होतो. पुढचा फॉर्म आत सरकला, नाव वाचले, वर पाहिले तर साडू. दरवर्षी ते मोबाइलवरच उरकतात. यंदा खुद्द आले होते.

"मोबाइल चेहरा ओळखेना," ते म्हणाले. मग जरा आवाज खाली घेऊन, "तो तुमचा बडी गाय. पोरीनं लावून दिला."

"मग?"

"आवाज थकलाय."

"एकोणनव्वद, साहेब."

"हो, ते आहेच." त्यांनी सही करायला पेन उचलले आणि तसेच धरून ठेवले. "पण मधे एके ठिकाणी तो वाजवायचं थांबतो ना? म्हणजे थांबत नाही, पण... तिथं मी तीनदा मागे नेलं." त्यांनी सही केली. मी शिक्का मारला. साडू हलेनात. खिडकीतून आत वाकून म्हणाले, "काय हो, अजून कोण कोण आहे?"

मी एका रद्द व्हाउचरच्या पाठीवर नावे लिहायला घेतली. लॉइडच्या पुढे कंसात तिसऱ्यांदा ऐकणे असे लिहीत होतो, तेवढ्यात रांगेतून ओळखीचा, धाप लागलेला आवाज आला:

"अहो, आम्हीपण आहोत!"